‘जासूद’ची कामाची वही : याला आरपीजी म्हणायचं का?

३ जून

गेम विकायला ठेवण्याआधीचा फॉर्म भरायला घेतला. नाव, माहिती, चित्रं झाली आणि ‘प्रकार’ या रकान्याशी येऊन गाडी अडली : याला आरपीजी, म्हणजे पात्र होऊन खेळायचा ‘रोल-प्लेइंग गेम’, म्हणावं का? दादा म्हणाला, ‘आरपीजी लिही की. लेव्हल आहे, एक्सपी आहे, आणखी काय हवं?’ चित्रं काढणारी मैत्रीण म्हणाली, ‘लिही, आणि मग राक्षस मारायला आलेल्या लोकांच्या शिव्या तूच खा.’

वही आता सगळ्यांसाठी उघडी आहे, म्हणून नव्या वाचकांसाठी थोडक्यात. ‘जासूद’ हा आम्हा तिघांचा छोटा गेम. काळ सतराव्या शतकाचा, गोष्ट काल्पनिक. राजमाचीवरून एक जासूद थैलीत पत्र घेऊन निघतो, घाट उतरतो आणि चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याला चौलला पोचायचं असतं. वाटेत चौक्या, नद्या, पाऊस, भोचक माणसं आणि मागावर असलेले दोन घोडेस्वार. मारामारी जवळपास नाहीच. पळणं, लपणं, थापा मारणं जास्त. टप्पा पार केला की एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, एक्सपी साठला की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की जासुदाचा दम थोडा वाढतो. सगळं काम गोडो इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये.

फॉर्म अर्धवट सेव्ह करून ठेवला.

५ जून

दादाची व्याख्या तपासली. टिकत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’च्या (२००७) मल्टिप्लेअरमध्ये समोरच्याला गोळी घातली की एक्सपी मिळतो, रँक ५५ पर्यंत चढते, नव्या बंदुका उघडतात. त्याला कोणी आरपीजी म्हणत नाही. उलट बाजूनं बघायचं तर ‘झेल्डा’. पहिला गेम १९८६ चा. तलवार, गुहा, राजकन्या सगळं आहे, एक्सपी नाही. १९८७ च्या दुसऱ्या भागात निन्टेन्डोनं एक्सपी आणि लेव्हल दोन्ही घातलं. म्हणजे त्याच नायकाचा पहिला भाग आरपीजी नाही आणि दुसरा आहे? जेवताना यावर कडाक्याचा वाद. दादाच्या मते दुसरा आहेच. मैत्रिणीच्या मते दोन्ही नाहीत. मी वरण वाढत होते.

‘गोष्ट असेल तर आरपीजी’ ही व्याख्याही कोणीतरी सुचवली होती. तिच्यावर वेळ घालवायचा नाही. गोष्ट आता बंदुकीच्या गेमलाही असते.

८ जून

एक्सपी या प्रकाराच्या गळ्यात कुठून पडला, ते बघायला मुळाशी गेले. मूळ टेबलावर आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. दोघंही सैन्याच्या छोट्या पुतळ्यांनी युद्धं खेळणारे. गायगॅक्सनं त्याआधी १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ नावाचे युद्धाचे नियम छापले होते. त्यात एक पुतळा वीस माणसांच्या जागी उभा करता यायचा. नंतर झालेला खरा बदल म्हणजे एक खेळाडू, एक माणूस. सैन्य गेलं आणि हा एक माणूस किती बळकट, किती हुशार, किती चपळ हे आकड्यांत लिहायची गरज पडली. खुर्चीत बसलेल्या चष्मेवाल्या पोराला दार तोडता येत नसलं तरी त्याच्या पात्राला येईल का, हे तो आकडा आणि फासा मिळून ठरवणार.

टेबलावर आणखी एक गोष्ट होती : पंच. ‘मी राजाशी खोटं बोलतो’ असं म्हटलं तर काय होईल हे तो माणूस जागच्या जागी ठरवायचा. नियमांच्या पुस्तकात नसलेलं काहीही करता यायचं, कारण समोर डोकं चालवणारा कोणीतरी बसलेला.

मग हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आणि फार लवकर गेलं. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लॅटो यंत्रणेवर १९७५ मध्ये ‘पेडिट५’ होता. असलं विचित्र नाव का, तर रस्टी रदरफोर्डनं तो अभ्यासासाठी दिलेल्या फायलीच्या जागेत लपवला होता. वरच्यांना सापडला की पुसला जायचा. त्यानंतर १९८१ मध्ये ॲपल टूवर ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’. या यंत्रांना बेरीज-वजाबाकी उत्तम जमायची. पंच होणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून फासे, आकडे, एक्सपी, लेव्हल एवढं सामान नव्या घरात आलं आणि पंच जुन्या घरीच राहिला. आज दादा एक्सपी बघून आरपीजी ओळखतो त्याचं कारण हे आहे असं मला वाटतं : जे नेता आलं, तीच खूण ठरली.

मैत्रीण म्हणते, बाराखडीच्या पुस्तकाला सनावळीची प्रस्तावना लिहितेयस. असो.

९ जून

पावसाचा आवाज लूप होताना टक्‌ वाजतोय. दादाकडे दिलं.

१२ जून

मला वाटलं होतं, उत्तर ‘निवड’ असेल. खेळाडूनं निवडायचं, जगानं त्याप्रमाणे बदलायचं. ही व्याख्या ऐकायला फार सभ्य आहे. पण जपानकडे बघितलं की कोसळते.

युजी होरीईचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’, १९८६, फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर. होरीईला ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आवडायचे. ते घराघरांतल्या मुलांना, कीबोर्डशिवाय, चार बटणांवर कसे खेळता येतील हा त्याचा प्रश्न. उत्तर म्हणून त्यानं जवळपास सगळ्या निवडी काढून टाकल्या. नायक एकच. कोणता वर्ग, कोणती जात, काही विचारत नाही. नाव मात्र विचारतो, आणि नावाच्या अक्षरांवरून पात्राचे आकडे कसे वाढणार हे गुपचूप ठरतं. बारशाला पत्रिका मांडल्यासारखं. सोडवलेली राजकन्या ‘मला बरोबर न्याल ना?’ असं विचारते. ‘नाही’ म्हणा, ती पुन्हा विचारते. पुन्हा ‘नाही’ म्हणा, पुन्हा विचारते. ‘हो’ म्हणेपर्यंत सुटका नाही. खरी निवड शेवटी एकदाच : ड्रॅगनांचा राजा अर्धं जग देऊ करतो, आणि ‘हो’ म्हटलं की खेळ खलास.

इतकी कमी निवड असूनही ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आरपीजी नाही असं म्हणणारा मला भेटलेला नाही. जपानमध्ये तर आरपीजी म्हटल्यावर पुढची कित्येक वर्षं असलेच गेम डोळ्यांपुढे यायचे. पुढच्याच वर्षी ‘फायनल फॅन्टसी’ आला, त्याच वाटेनं.

मग त्यात आहे काय? लढाईत माझा अंगठा किती वेगानं चालतो याला काडीची किंमत नाही. मी ‘हल्ला’ निवडते, लढतो नायक. तो तिसऱ्या लेव्हलचा असेल तर मी कितीही हुशार असले तरी तो मरतो.

हे लिहून ठेवते, उद्या यावर बोलायचं.

१३ जून

बोललो. कामाचं बोलणं झालं.

तिघांनाही पटलेली कसोटी अशी : खेळाडूला येतं ते आणि पात्राला येतं ते, गेम या दोन गोष्टी वेगळ्या धरतो का? मारिओच्या गेममध्ये फरकच नाही. उडी चुकली तर माझी चुकली. फुटबॉलच्या गेममध्ये थोडा आहे. ‘मोरोविंड’मध्ये (२००२) तो इतका आहे की नवीन माणूस गेम बिघडलाय म्हणून बंद करतो. डोळ्यांसमोर तलवार शत्रूच्या अंगाला लागते आणि तरीही वार फुकट जातो, कारण आत फासा पडलाय आणि माझ्या पात्राला तलवार नीट चालवता येत नाही. त्यातून धावून दमलेलं असेल तर आणखीच नाही. ‘डेऊस एक्स’मध्ये (२०००) बंदूक चालवायचं शिक्षण नसेल तर नेमाची खूण पसरलेली राहते, मी माउस कितीही स्थिर धरला तरी ती आवळायला वेळ लागतो.

दादाला ‘मोरोविंड’चा तो वार अजूनही डाचतो. ‘मला येतंय, ह्या बाबाला येत नाही, यात मजा काय?’ मी म्हटलं, हाच तर तुझा आरपीजी. त्याला राग आला, पण मुद्दा पोचला.

मग ही कसोटी ‘जासूद’ला लावली. आमचं लपणं-पळणं पूर्ण हाताचं आहे. दादा आमच्यातला तरबेज. तो पहिल्या लेव्हलच्या जासुदानं सगळ्या चौक्या चुकवून चौलला जातो. मी आठव्या लेव्हलचा जासूद घेऊन पहिल्याच चौकीवर पकडली जाते. म्हणजे चौलला जासूद जात नाही, दादा जातो.

१७ जून

एक्सपीची पट्टी, लेव्हलचा आकडा, ‘लेव्हल वाढली’ची तुतारी हे सगळं बिल्डमधून (खेळायला द्यायच्या प्रतीतून) काढलं आणि कॉलेजातल्या काही पोरापोरींना खेळायला दिलं. आधी खेळलेलेच होते. काय काढलंय ते मुद्दाम सांगितलं नाही. पावसाबद्दल बोलले, घोड्यांच्या टापांबद्दल बोलले, एकानं नवीन झाडं आवडल्याचं सांगितलं (झाडं जुनीच होती). एक्सपी गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दादा दिवसभर गप्प. तुतारी त्यानं स्वतः वाजवून रेकॉर्ड केली होती.

२२ जून

नवीन रचना. सुरुवातीला एकच प्रश्न : जासूद कुठे वाढला? कोळीवाड्यात, घाटातल्या वस्तीवर, की गडावरच्या कारकुनाच्या घरी? कोळीवाड्यातल्याला पोहता येतं आणि भरती-ओहोटी कळते. घाटातल्याला चोरवाटा माहीत. कारकुनाच्या पोराला मोडी वाचता येतं आणि दरबारी बोलता येतं, पण तो लवकर दमतो. जे एकाला येतं ते दुसऱ्याला येत नाही, आणि चार दिवसांत सगळं शिकून होत नाही.

प्रेरणा कुठून घेतली ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं बरं. ‘फॉलआउट’मध्ये (१९९७) बुद्धीचा आकडा फार खाली ठेवून पात्र बनवलं तर त्याला धड वाक्य बोलता येत नाही; संवादाच्या यादीत हुंकार आणि तुटके शब्द येतात, लोकही त्याला तसंच वागवतात. ‘डिस्को इलिझियम’मध्ये (२०१९) चोवीस कौशल्यं आहेत आणि ती नायकाच्या डोक्यात चक्क बोलतात, एकमेकांशी भांडतात. लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. दोन फासे, त्यात कौशल्याची भर, झालं. दोन षटकार पडले की अशक्यही जमतं, दोन एक्के पडले की हातातलंही जातं. तलवारीशिवाय आरपीजी होत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा गेम पुरेसा आहे.

आणि ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८). बोहेमियातला लोहाराचा पोरगा हेन्री. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट झालेली दिसतात. एका लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, तेव्हा ती जागेवर येतात. मला वाचता येत असून हेन्रीमुळे येत नाही! हे बघितलं आणि आमच्या थैलीतलं पत्र आठवलं.

२६ जून

पत्र आता मोडीत आहे. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, फॉन्टही मिळतो, आणि गोडोची नवी आवृत्ती जोडाक्षरं बरी सांभाळते. कारकुनाच्या पोरानं पत्र उघडलं की खाली बाळबोधीत मजकूर येतो. बाकी दोघांनी उघडलं तर नुसतं मोडी. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोडी येत नाही, त्यामुळे खेळाडू आणि पात्र एकाच अंधारात. दादा खूश : कोड कमी, परिणाम जास्त.

पत्रात काय आहे ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की ते वाचलं तर तिसऱ्या दिवशी कोणत्या वाटेनं जायचं याचा विचार बदलतो.

२७ जून

नदीकाठी घाटातला जासूद उभा. पाण्याकडे बटण दाबलं, काही होत नाही. ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार. पात्राचं न येणं आणि गेमचं बिघडणं खेळाडूला सारखंच दिसतं, हा या प्रकारातला जुना त्रास. ‘मोरोविंड’चा वार आठवा. आता तो दोन पावलं पाण्यात जातो, कमरेपर्यंत पाणी आलं की मागे फिरतो आणि म्हणतो, ‘आपल्याच्यानं नाही व्हायचं.’ तक्रार थांबली. मैत्रिणीनं त्या मागे फिरण्याला वेगळी चित्रं काढली, ओल्या धोतरासकट.

१ जुलै

आज मावशी आली होती. तिनं निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केलाय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिला गेम दाखवला. तिनं कोळीवाड्यातला जासूद निवडला, ‘समुद्राकडचा असलेला बरा’ म्हणून. थैली उघडली, चष्मा वर केला आणि पत्र घडाघडा वाचून काढलं.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे.

मावशीचं आधी वेगळंच चाललेलं : ‘अगं, शब्दांमध्ये एवढी जागा कोण सोडतं? मोडीत आधी रेघ ओढतात आणि खाली एकटाकी लिहीत जातात.’ मैत्रिणीनं टिपून घेतलं. मग खेळ पुढे. तिसरा दिवस आला, दोन वाटा फुटल्या. पत्र वाचलेलं माणूस डावीकडे कधी जाणार नाही. मावशी डावीकडे गेली.

मी विचारलं, ‘अगं मावशी, तू वाचलंस ना पत्र?’

‘मी वाचलं. याला कुठे येतंय वाचता? त्याला कसं कळावं?’

आणि घोडेस्वारांच्या हाती सापडली. थैली गेली. ती खट्टू झाली, पण वाट बदलली नाही.

टेबलावर खेळणाऱ्यांना हे नवीन नाही. तिथे खेळाडूला कळलेलं आणि पात्राला न कळलेलं यात गल्लत करणं हा वाईट खेळ मानतात, आणि पंच टोकतो. इथे टोकणारं कोणी नव्हतं. आकडा नव्हता, फासा नव्हता, कुलूपही नव्हतं. उजवी वाट उघडी होती. तिनं स्वतःहून पात्राचं अज्ञान पाळलं. माझ्या तेरा तारखेच्या कसोटीत गेम फरक धरतो की नाही एवढंच विचारलं होतं. इथे तो खेळणारीनं धरला.

रात्री दादा म्हणाला, ‘हेन्रीसारखी अक्षरं उलटसुलट करून टाकू. म्हणजे कोणालाच वाचता येणार नाही, प्रश्न मिटला.’ बरोबर आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नाही म्हटलं. मोडी येणारी माणसं किती थोडी, आणि त्यांच्यासमोरच खरी निवड उभी राहते : माहिती वापरायची की जासुदाला इमान द्यायचं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या राजकन्येनं दिली नव्हती अशी. मैत्रीण माझ्या बाजूनं. दादा म्हणाला, दोन विरुद्ध एक, पण लिहून ठेव की मी बजावलं होतं. लिहिलं.

४ जुलै

कसोटीच्या कडेला असलेले गेम. यांच्यावर वाद संपत नाही, म्हणून एकाच नोंदीत आटपते.

‘डायब्लो’ (१९९६ अखेर) आधी पाळीपाळीनं खेळायचा ठरला होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकला तो तसाच हवा होता. टीमनं कौल दिला, त्यानं काही तासांत बदल करून बघितलं, पहिल्या सांगाड्याला क्लिकसरशी हाणला आणि मत बदललं. आकडे सगळे तिथेच राहिले, पण अंगठ्याला काम आलं. ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) आकडे भरपूर, तरी पायरोमॅन्सर (आगीचे मंत्र वापरणारं पात्र) घेऊन लेव्हल १ वरच शेवटपर्यंत जाणारे लोक आहेत. त्यांच्या हातात तो दादाच्या ‘जासूद’सारखा होतो, माझ्या हातात मात्र पूर्ण आरपीजी, कारण मला आकडे वाढवल्याशिवाय पहिला बॉस पार होत नाही. एकच गेम, माणसागणिक प्रकार वेगळा. ‘विचर ३’मध्ये (२०१५) नायक गेराल्ट आधीच कोणीतरी आहे, माझ्या मनासारखा घडवता येत नाही, तरी तो काय करेल आणि काय करणार नाही यात मला जागा आहे. मला चालतो. मैत्रिणीला चालत नाही.

रोगलाइकवाल्यांनी, म्हणजे ‘रोग’ या जुन्या गेमसारखे गेम करणाऱ्यांनी, हा घोळ जरा शहाणपणानं हाताळलाय. २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी लक्षणांची यादी केली : नकाशा दर वेळी नवा, मेलं की कायमचं, पाळीपाळीनं चाल, वगैरे. आणि सोबत म्हटलं की एखादं लक्षण नसलं म्हणून गेम बाद होत नाही. आहे-नाही ऐवजी किती आहे. आरपीजीलाही हेच लावावं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०). देवदेवता आहेत, मिळालेल्या शस्त्रांची ताकद वाढवता येते, तरी त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणतात आणि ते योग्यच आहे. राजीची उडी माझी उडी असते. त्यामुळे तो कमी पडतो असं नाही. आरपीजी हा दर्जा नाही, हे लोकांना सारखं सांगावं लागतं.

५ जुलै

फॉर्म भरला. पहिला टॅग ॲडव्हेंचर, दुसरा आरपीजी. लेव्हल कायमची काढली. तुतारी मेनूत वाजेल.

८ जुलै

मावशीच्या खेळानंतर एक मागणी सगळीकडून येतेय : कोळीवाड्यातल्या जासुदाला वाचायला शिकता यावं. योग्य मागणी आहे. वाटेत मठ आहेच, तिथे रात्री दिव्याशी बसलेला एक म्हातारा लिहिणाराही आहे. आजवर तो नुसता ‘पाऊस फार’ म्हणायचा.

शिकायला काय द्यावं लागेल यावर अडलंय. दादा म्हणतो, पैसे. पैसे खेळाडू कुठूनही जमवतो, मग कारकुनाच्या पोराला अर्थ उरत नाही. माझं म्हणणं, एक रात्र द्यावी. तीन रात्रींतली एक मठात गेली की घोडेस्वार तेवढे पुढे येतात, आणि एका रात्रीत पूर्ण मोडी येत नाहीच. पत्रातली काही अक्षरं उलगडतील, काही नाही. कोणती उलगडणार ते म्हाताऱ्यानं त्या रात्री काय गिरवून घेतलं त्यावर ठरेल. मैत्रीण विचारतेय, खेळाडूलाही ती अक्षरं खरोखर गिरवायला लावायची का, माउसनं? तसं केलं तर पुन्हा हात कोणाचा, माझा की त्याचा, हा प्रश्न आला. दोन्ही प्रकारे करून बघायचं. दादा पुढच्या बिल्डमध्ये मठाचं दार उघडं ठेवतोय.